रात्र बघायला निघालेले अण्णा

थंडी पडायला लागली की आमच्या ऑफिसातले अण्णा सव्वापाचला पळायचे. चालायचे नाहीत, पळायचे. काखेत छत्री, मनगटात डब्याची पिशवी, आणि कुणी हाक मारली तरी मागे वळून बघणं नाही. ऑफिस सुटायचं पावणेसहाला. पण अण्णांनी साहेबांकडून लेखी परवानगी काढली होती, अर्धा तास आधी येण्याची आणि अर्धा तास आधी जाण्याची. कारणाच्या जागी लिहिलं होतं ‘वैयक्तिक’. “निघाली कोंबडी खुराड्यात,” असं आमचे हेडक्लार्क मोठ्यानं म्हणायचे आणि सगळे हसायचे. मीही हसायची. माझं हसणं जरा मोठंच आहे, सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तसं सांगितलं होतं.

नाशिकला पाटबंधारे खात्याचं ऑफिस, मी तिथं टंकलेखिका. अण्णा आरेखक, म्हणजे कालव्यांचे, धरणांचे नकाशे काढणारे. मी लागले तेव्हा ते चाळिशीला आले होते. लग्न केलेलं नाही, पंचवटीत वरच्या मजल्यावर एक खोली, गाव सायखेडा. नाव वेगळं होतं, पण साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे अण्णाच म्हणायचे. हात असा की नकाशावर त्यांनी शाईनं लिहिलेलं अक्षर छापील वाटावं. जीभ मात्र तिखट. “आपल्या खात्यात प्लॅन बघा किती आहेत. एवढे कागद भिजवायला पुरेल इतकं तरी पाणी आहे का कालव्यात?” असं ते खुद्द अधीक्षक अभियंत्यांसमोर म्हणाले होते.

एकदा डिसेंबरात कुणाच्या तरी बढतीचा समारंभ लांबला. सामोसे झाले, भाषणं झाली, साडेसहा वाजून गेले. मी टाइपरायटरवर कव्हर घालून निघाले तर व्हरांड्यात बाकावर अण्णा बसलेले. एकटे. ताठ.

“काय अण्णा, आज इथंच मुक्काम का?” मी म्हटलं.

त्यांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग माझ्या आवाजाच्या जरा डावीकडे तोंड करून म्हणाले, “बाई, मला दिसत नाही.”

मला वाटलं, चक्कर आली की काय. मी पाणी आणायला धावले. तर म्हणाले, “पाणी नको. मला रात्री दिसत नाही. लहानपणापासून नाही. वडिलांनाही दिसायचं नाही. मला घरी सोडाल का? आणि खात्यात कुणाला सांगू नका.”

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं, मोपेडवर मागे बसवलं आणि पंचवटीत सोडलं. रस्त्यात मला इतकी लाज वाटत होती! दोन वर्षं मी त्या कोंबडीच्या विनोदावर दात काढत होते. त्या दिवसापासून त्यांना उशीर झाला की घरी सोडायचं काम माझ्याकडे आलं. माझे हे सातपूरला कारखान्यात, आठवडाआड रात्रपाळी. मुलगी सासूबाईंकडे रमायची. लोक काय म्हणतील हा प्रश्न होताच, पण आमच्या ह्यांनी एका वाक्यात निकाली काढला. “एकटा आहे बिचारा, सोडत जा. माझा डबा तेवढा भरून ठेव.”

आता मूळ पापाकडे येते. ते माझं आहे आणि मी ते कुणावर ढकलणार नाही.

कार्यकारी अभियंत्यांच्या केबिनमध्ये नवा फोटो लागला. स्वातंत्र्यदिनाला धरणावर रोषणाई केली होती, तिचा. कुणा हौशी माणसानं कॅमेरा तिपाईवर ठेवून, शटर बराच वेळ उघडं धरून काढलेला. धरणाची भिंत सोन्यासारखी पिवळी, दगड न् दगड मोजून घ्यावा असा. पाण्यात दिवे उतरलेले. आणि वर आकाश गडद निळं, त्यात ढगांच्या कडासुद्धा दिसत होत्या. अण्णा नकाशावर सही घ्यायला आत गेले ते बाहेरच येईनात. शेवटी साहेबांनीच त्यांना घालवलं. ते सरळ माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, रात्री आकाश निळं असतं?”

माझ्यापुढे सात कार्बन घातलेलं पत्र. एक अक्षर चुकलं तर सातही प्रती खोडा. मी मान वर न करता म्हटलं, “असतं की.”

“म्हणजे तुम्हाला रात्री असं दिसतं? त्या फोटोतल्यासारखं?”

“हो, असंच. का?”

ते जागेवर गेले. मी पत्र पुरं केलं. एकही चूक नाही, मला चांगलं आठवतं.

पुढं कळलं की त्यांनी हा प्रश्न जन्मात पहिल्यांदा विचारला होता. लहानपणी सायखेड्याला गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी जत्रा भरायची तेव्हा बाकीची पोरं अंधारात पळायची, एकमेकांना ओळखायची, चांदण्यात खेळायची. अण्णांना नुसते दिव्यांचे ठिपके दिसायचे, आजूबाजूला काळं. “मला दिवे दिसतात, बाई. दिव्यांनी काय उजळलंय ते दिसत नाही,” असं ते सांगायचे. लोकांना रात्री दिसतं एवढं ठाऊक होतं. काय दिसतं, कसं दिसतं, ते कुणाला विचारणार? आणि विचारलं ते मला.

महिन्याभरात त्यांनी कॅमेरा घेतला. भद्रकालीतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याचा जुना, जड, चामड्याच्या खोक्यातला. तिपाई ऑफिसातली, सर्व्हेच्या यंत्राची लाकडी, भंगारात निघालेली. तिच्यावर कॅमेरा बसेना म्हणून सुताराकडून मधे लाकडाचा ठोकळा करून घेतला. आणि मला म्हणाले, “मला रात्र बघायचीय. कॅमेरा बघेल, मग मी दिवसा उन्हात बसून फोटो बघेन. तुम्ही फक्त न्यायचं न् आणायचं.”

त्याच सुमाराला आग्रा रोडला, चांदवडच्या दिशेनं, द्राक्षांत हात मारलेल्या एका बागाईतदारानं मनोरंजन नगरी काढली होती. पाळणे, झुकझुक गाडी, पाण्याची घसरगुंडी, आणि मधे सगळ्या देशांच्या इमारती. एक किल्ला, एक पिरॅमिड, चिनी देऊळ, रशियातला म्हणे घुमटांचा राजवाडा, आणि भुताचा बंगला. सगळं लोखंडी सांगाड्यावर जाळी ठोकून प्लॅस्टर मारलेलं. संध्याकाळी सातला गेट बंद व्हायचं, पण हायवेवरच्या लोकांना दिसावं म्हणून इमारतींवरचे दिवे चालू ठेवायचे. अण्णांनी मालकाला असं काही सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं की त्यानं परवानगी देऊन टाकली.

मी विचारलं, “अहो, नाशकात देवळं काय कमी आहेत? हे प्लॅस्टरचं काय मेलं बघायचं?”

“देवळं मी दिवसा पाहिलीत. फोटोत ती दिसली तर मला वाटेल, आठवणीतूनच दिसतायत. हे मी दिवसा कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. म्हणजे जे दिसेल ते निव्वळ रात्रीचं.”

आणि हा नेम त्यांनी शेवटपर्यंत पाळला. मी एकदा रविवारी मुलीला घेऊन तिथं गेले होते. सोमवारी डबा खाताना नुसतं म्हटलं, “अण्णा, तो राजवाडा जवळून अगदीच...” तर त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं पाढे म्हणायला लागले. हेडक्लार्कच्या हातातली पोळी हातातच राहिली.

पाढ्यांचंही सांगते. फोटोला शटर किती वेळ उघडं ठेवायचं हे मोजायला घड्याळ लागतं, आणि घड्याळ अंधारात त्यांना दिसायचं नाही. मी बॅटरी लावून बघते म्हटलं तर नको, बॅटरीचा उजेड फोटोत येतो. मग ते पाढे म्हणायचे. एकोणतीसचा पाढा, दमानं, एकेक आकडा सुटा. तो संपला की चाळीस सेकंद. किल्ल्याला एक एकोणतीस. चिनी देवळाला दोन, कारण तिथं ट्यूबच्या निम्म्या नळ्या गेलेल्या. भुताच्या बंगल्याला पाच, कारण तिथं एकच हिरवा दिवा. तेवढ्यात हायवेवरून कांद्याचा ट्रॅक्टर आला तर त्याचा झोत आमच्यावर पडायचा. अण्णांना तो माझ्या आधी ऐकू यायचा. झटक्यात डोक्यावरची काळी टोपी काढून कॅमेऱ्याच्या डोळ्यावर धरायचे आणि पाढा आहे तिथं थांबवायचे. ट्रॅक्टर गेला की टोपी काढून पुढं चालू. “एकोणतीस सत्ते दोनशे तीन... एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस...” बाजाराच्या आदल्या रात्री ट्रॅक्टर इतके असायचे की एका पाढ्याला पंधरा मिनिटं लागायची. डास फोडून काढायचे. मी पदरानं स्वतःला वारा घालत उभी.

माझं काम कॅमेरा नेमका धरायचं. ते विचारायचे, “मला सात ठिपके दिसतायत, तीन वर, चार खाली. मधे काय आहे?” मी सांगायची, “मधे मोठी कमान आहे, वर घुमट.” “कसला रंग?” आणि इथं माझी पंचाईत. कारण मला कुठं धड दिसत होतं? दिव्याजवळ जरा पिवळट, बाकी काळा डोंब. घुमट आहे हे मला रविवारी दिवसा पाहिलेलं आठवायचं म्हणून कळायचं. पण मी सांगायची, “निळा आहे, अण्णा. वर गुलाबी.” सांगून टाकायची.

तिथला चौकीदार पेठकडचा, डोंगरातला, साठीचा माणूस. भात कापून झाला की इकडं कामाला यायचा. पहिल्या रात्रीच तो म्हणाला, “सायेब, हिथं काय हाय फोटो काढाया? सकाळच्याला या ना. आता काय बी दिसत नाय.”

अण्णा हसले. “तुला दिसत नाही?”

“नाय. बत्ती हाय तेवढं दिसतं. बाकी लय अंधार.”

आता फुटलं, असं मला वाटलं. पण अण्णा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, “ह्याचेही माझ्यासारखेच दिसतात डोळे. बिचारा. आणि रात्रीची राखण करायला ठेवलाय.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्यासाठी गाजरं आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवल्या. तो माणूस पुढं दहा वर्षं मला विचारत होता, “बाय, सायबानी मला गाजरां कशापायी दिली?”

पहिले दोन रोल कोरे गेले. लॅबवाल्यानं पाकिटावर ‘काही नाही’ असं लिहून परत दिले. तिसऱ्यात किल्ला आला. मी पाकीट घेऊन भर दुपारी त्यांच्या खोलीवर गेले. ते गच्चीत उन्हात पाट टाकून बसले, भिंग घेतलं आणि फोटो डोळ्यांशी धरला. किल्ल्याचे बुरूज लालभडक, त्यावर खोटे दगड कोरलेले, खिडक्यांतून पिवळा उजेड सांडलेला. आणि मागे आकाश. निळं, खोल, त्यात ताऱ्यांच्या बारीक रेघा. खरंच सुंदर होतं हो. मीसुद्धा बघत राहिले. अशी जागा मी त्या रात्री पाहिलीच नव्हती.

मग ते म्हणाले, “तुम्ही हे रोज बघता.”

मी रिकामं पाकीट सारखं करत बसले.

“हे सगळं रोज बघता आणि घरी जाऊन टीव्ही लावता. दारं लावून झोपता. कशी झोप लागते तुम्हाला?”

तेव्हा सांगायला हवं होतं. हसत हसत, “अहो अण्णा, कुठलं काय, आम्हालाही काळोखच दिसतो,” एवढं म्हटलं असतं की झालं असतं. चार दिवस रुसले असते. पण मी नाही सांगितलं. भीतीनं नाही सांगितलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं, ते खोटं आहे. मला ते आवडलं होतं. घरात मी सून, ऑफिसात मी टाइपिस्ट. माझ्याकडे असं काय होतं की कुणी हेवा करावा? आणि हा एवढा बुद्धिमान माणूस माझ्या डोळ्यांकडे असा बघत होता, जशी काही मी राणी आहे.

त्यांचं म्हणणं त्यांच्यापुरतं अगदी चोख होतं. “कॅमेरा माझ्या जातीचा आहे,” ते म्हणायचे. “मंद. तुम्ही एका क्षणात बघता ते बघायला त्याला चाळीस सेकंद लागतात. पण बघतो शेवटी. मी तेवढाही नाही.” यात चूक कुठं काढायची? ज्यानं कधी पाहिलंच नाही त्याला हे असंच वाटणार.

मग त्यांना लोकांचा राग यायला लागला. रात्र वाया घालवणाऱ्या सगळ्या लोकांचा. पौर्णिमेला ऑफिसात फिरून सांगायचे, “आज झोपू नका रे.” एकदा तर नोटीस बोर्डावर, रजेच्या परिपत्रकाशेजारी, त्यांच्या त्या छापील अक्षरात कागद लावलेला सापडला. ‘सर्व कर्मचाऱ्यांना कळविण्यात येते की आज रात्री आकाश निरभ्र आहे. कोणीही ती वाया घालवू नये.’ खाली आरेखकाची सही आणि दिनांक. साहेबांनी मेमो काढला, तो मीच टाइप केला. अण्णांनी खुलासा दिला तो एका ओळीचा. ‘आकाश खरोखरच निरभ्र होते.’ आम्ही पोट धरधरून हसलो. सगळ्यांत मोठ्यानं अर्थात मी.

अशी दहा-बारा वर्षं गेली. महिन्यातून एखादी खेप. राजवाड्याचे त्यांनी चाळीसेक फोटो काढले असतील, पावसाळ्यातले, चांदण्यातले, धुक्यातले. एका फोटोसारखा दुसरा नाही. इमारतींच्या मागे काहीच नव्हतं, नुसते गंजके अँगल आणि वासे, हे त्यांना ठाऊक होतं. आरेखकाला ते फोटोंवरून लगेच कळलं होतं. “ह्याला प्लॅन नाही, नुसतं एलेव्हेशन आहे, समोरून दिसतो तेवढा दर्शनी भाग,” ते म्हणाले होते. “जन्मभर नुसते प्लॅन काढले. एकदा एलेव्हेशन बघू द्या.”

डोळे मात्र दिवसासुद्धा जायला लागले होते. कडेकडेनं. आधी बाजूचं दिसेना, मग खालचं. समोर एक भोक राहिलं, त्यातून ते जग बघायचे. डॉक्टरांनी सांगितलं, वडिलोपार्जित आहे, उपाय नाही. शाईची बाटली नकाशावर सांडली तेव्हा ऑफिसात सगळ्यांना कळलं. नोकरीची दोन वर्षं उरली होती. अण्णांनी स्वतःच राजीनामा दिला. निरोप समारंभ दिवसाउजेडी करा म्हणाले.

मनोरंजन नगरीही त्याच सुमारास बंद पडली. लोकांनी नवं काहीतरी धरलं, मालकाच्या मुलांनी जागा विकायला काढली. दिवे गेले. प्लॅस्टर सुटून जाळ्या उघड्या पडल्या. चौकीदार तेवढा होता. अण्णा म्हणाले, “एकदा जाऊ. चांदणं असेल तेव्हा.” पौर्णिमा बघून गेलो. राजवाड्यासमोर तिपाई लावली. एकही ठिपका नाही, त्यामुळे त्यांना काहीच दिसत नव्हतं, ते माझ्या खांद्याला धरून उभे होते. पाढे किती म्हटले मी मोजले नाहीत. पंचवीस तरी असतील. त्यांचा घसा बसला, मग मी म्हटले, मग चौकीदारानं आम्हाला चहा आणून दिला. एकच फोटो काढला त्या रात्री.

तो आला. मी सांगते, तसा फोटो मी परत पाहिलेला नाही. फुटके घुमट, आत दिसणारी जाळी, त्यावर चढलेला वेल, आणि सगळं चांदण्यानं दिवसासारखं उजळलेलं. आकाश दुपारच्या आकाशाइतकं निळं, आणि त्यात तारे.

पाकीट घेऊन मी खोलीवर गेले. त्यांनी फोटो उन्हात धरला. भिंग मागेपुढे केलं. फोटो फिरवला. मग खाली ठेवला.

“तुम्हीच सांगा, बाई.”

ते भोकही बुजलं होतं. कधी बुजलं ते त्यांनी मला सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. वेल सांगितला, जाळी सांगितली, निळा रंग सांगितला. अण्णा ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसतसुद्धा नव्हते. म्हणाले, “माझी फार इच्छा नव्हती. एकदा, एकच रात्र, तुमच्यासारखं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मी काय पाप केलं होतं की एवढं सगळ्यांना फुकट दिलं आणि मला दिलं नाही?”

मला राहवेना. मी त्यांचे हात धरले आणि घडाघडा बोलून टाकलं. की अण्णा, मी खोटं बोलले. पहिल्या दिवशी कामात होते म्हणून बोलले, नंतर बरं वाटायचं म्हणून बोलले. आम्हाला कुणालाच असं दिसत नाही. आम्हालाही दिव्यांचे ठिपके आणि अंधारच. जरा बऱ्यापैकी अंधार, एवढाच फरक. तो निळा रंग कॅमेरा साठवत जातो, थेंब थेंब करून, आम्ही नाही बघू शकत. तुमचं काही हुकलेलं नाही, अण्णा. कुणी तुम्हाला वगळलेलं नाही.

ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आता ओरडतील. मारलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी माझ्या हातांवर थोपटलं.

“तुम्ही फार चांगल्या आहात, बाई.”

“अण्णा, मी खरं सांगतेय!”

“माझं मन राखायला सांगताय. कळतं मला. पण मला असं काही सांगू नका. मी नकाशे काढणारा माणूस आहे. जे जागेवर नाहीच, ते कागदावर कुठून येईल? फिल्मवर आलं, म्हणजे तिथं होतं. तिथं होतं, म्हणजे डोळे असणाऱ्याला दिसत होतं.”

मी घसा फोडून सांगितलं, लेन्स काय, शटर काय, मला जेवढं कळत होतं तेवढं सगळं. ते हसत राहिले. पुढच्या रविवारी मी आमच्या ह्यांना बरोबर घेऊन गेले. म्हटलं, पंचवीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस आहे, ह्यांचं तरी ऐका. ह्यांनी सरळ सांगितलं, “अण्णा, रात्री काही दिसत नाही हो. सायकल खड्ड्यात जाते.” अण्णा म्हणाले, “ह्यांनाही शिकवून आणलंत.” आणि चहा ठेवायला लावला.

बारा वर्षं माझं खोटं त्यांनी देवाचा शब्द समजून धरलं, आणि खऱ्याला दया म्हणून बाजूला सारलं. मी कुठं दाद मागू?

त्यानंतर वर्षभर मी जात राहिले. दर वेळी तेच सांगायची, दर वेळी ते तसंच थोपटायचे. माझा राग राग व्हायचा. कधी वाटायचं, एखादी थप्पड मारावी ह्या माणसाला. मग जिना उतरेपर्यंत स्वतःचाच राग यायचा. ते खात नव्हते, झोपत नव्हते. शेजारच्या वहिनी सांगायच्या की रात्रभर खिडकीशी बसतात, तोंड बाहेर करून. काय करता विचारलं तर म्हणतात, “रात्र माझ्यासमोरून चाललीय, तिला तोंड तरी दाखवतो.”

शेवटची भेट झाली ती शेवटची आहे हे मला ठाऊक नव्हतं. पंधरा दिवसांनी ते झोपेतच गेले. भेटीच्या संध्याकाळी मी मेथीची भाजी न् भाकरी घेऊन गेले होते, दोन घास खाल्ले त्यांनी. निघताना भिंत धरत दारापर्यंत आले.

“बाहेर कसं आहे आज?”

“काळोख आहे, अण्णा. मिट्ट काळोख. देवाशपथ.”

“झालं परत सुरू,” ते हसून म्हणाले. “जा आता. गंगेवरून जा, घाई करू नका. बघत बघत जा. आणि माझ्या वाटणीचंही बघून घ्या.”

मी बाहेर पाऊल टाकलं. लोडशेडिंग होतं. अख्ख्या पंचवटीत एक दिवा नव्हता, आभाळ भरलेलं. जिन्यात मला माझा हातसुद्धा दिसेना. वर दारात ते उभे होते, मी सगळं डोळे भरून बघत चाललेय असं समजून. हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात कोंबला आणि पायानं चाचपत एकेक पायरी उतरत राहिले.